शांततेच्या कामाचा उन्हाळा : हाती काय येतं, खिशातून काय जातं

अमेरिकेत शाळा-कॉलेजांना जून ते ऑगस्ट सुट्टी असते आणि त्याच काळात तिथल्या चर्चची उन्हाळी शिबिरं भरतात. तळ्याकाठी किंवा डोंगरात लाकडी केबिन, एक जेवणाचा हॉल आणि शेकोटीची जागा असं त्यांचं ठरलेलं रूप. काही चर्च या शिबिरांत कॉलेजच्या वयाची मुलंमुली ‘पीस इंटर्न’ म्हणून पाठवतात. ती एका शिबिरातून दुसऱ्या शिबिरात जातात आणि दहा ते अठरा वर्षांच्या मुलांशी भांडण, वर्णभेद, भूक, युद्ध, स्थलांतर या विषयांवर बोलतात, त्यांच्याशी खेळतात, त्यांच्याबरोबर प्रार्थना करतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती घरांतल्या मुलांना हे काम खुणावतं. आईवडिलांना मात्र आधी खर्चाचा प्रश्न पडतो आणि तो विचारायला ते संकोचतात. देवाच्या कामाचा हिशेब कसा मांडायचा, असं त्यांना वाटतं. माझं मत याच्या अगदी उलट आहे. हिशेब न मांडता गेलेलं पोर ऑगस्टमध्ये फी भरताना अडचणीत येतं आणि पुढच्या वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीला कुणी पाठवत नाही.

आधी ही माणसं कोण, ते पाहू. ‘ख्रिश्चन चर्च (डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट)’ या इंडियानापोलिसमध्ये मुख्यालय असलेल्या चर्चमधल्या शांततावादी सभासदांनी १९३५ मध्ये ‘डिसायपल्स पीस फेलोशिप’ स्थापन केली. १९७० च्या दशकापासून ही संस्था उन्हाळी शिबिरांत पीस इंटर्न पाठवत आली आहे. ओहायोतलं कॅम्प ख्रिश्चन किंवा नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक माउंटनजवळचं ख्राइस्टमाउंट ही या चर्चच्या शिबिरांची जुनी ठिकाणं. दुसरी वाट ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ची. मेनोनाइट आणि क्वेकर यांच्यासारखंच हे ऐतिहासिक शांततावादी चर्च, १७०८ मध्ये जर्मनीत सुरू झालेलं. त्यांचं ‘यूथ पीस ट्रॅव्हल टीम’ हे पथक १९९१ पासून उन्हाळ्यात निघतं. त्यातली तरुण मुलं एकत्र प्रवास करत ब्रेदरन शिबिरांना भेटी देतात.

या दोन्ही चर्चशी आपल्या मातीचं नातं आहे. ब्रेदरन मिशनरी १८९४ मध्ये भारतात आले, वलसाडला काम सुरू केलं आणि पुढे डहाणूपर्यंत पसरले. डहाणूत त्यांनी दवाखाना चालवला. त्यांच्या इथल्या मंडळ्या १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनची मुळं ज्या काँग्रिगेशनल परंपरेत होती, ती आज युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये आहे आणि हे चर्च व डिसायपल्स आपलं परदेशातलं काम १९९६ पासून एकाच मंडळामार्फत चालवतात. म्हणजे नगरच्या एखाद्या घराण्यातली न्यू जर्सीत वाढलेली मुलगी या कामाला गेली, तर ती परक्याच्या घरी जात नाही.

आता पैशांकडे येऊ. चांगली बाब आधी सांगते. इंटर्नला फी भरावी लागत नाही. शिबिरात राहणं-जेवण मिळतं, सुरुवातीचं प्रशिक्षण संस्था देते, मानधन मिळतं, आणि शिबिरा-शिबिरांमधला प्रवास संस्था किंवा यजमान शिबिर सोसतं. लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी तपासली जाते. तो खर्चही साधारण चर्चच करतं. कोणी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘प्लेसमेंट फी’ मागितली, तर ती पीस इंटर्नशिप नाही, दुसरंच काहीतरी आहे असं समजा आणि मागे फिरा.

मग खर्च कुठे आहे? तो न कमावलेल्या पैशांत आहे आणि कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो. अमेरिकेतला विद्यार्थी उन्हाळ्यात कमावतो. दुकानात, हॉटेलात किंवा गोदामात दहा आठवडे, आठवड्याला ४० तास काम केलं, तर ४०० तास होतात. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर थांबलं आहे. त्या दराने २,९०० डॉलर होतात, पण पुष्कळ राज्यांत आणि शहरांत दर याहून बराच वर आहे. तासाला १५ डॉलर धरले, तर ६,००० होतात. कॅलिफोर्नियात मोठ्या फास्ट फूड साखळ्यांना एप्रिल २०२४ पासून किमान २० डॉलर द्यावे लागतात, म्हणजे तिथे हा आकडा ८,००० वर जातो. आपलं मूल कुठल्या राज्यात, कुठल्या दराने काम करू शकलं असतं, हा आकडा कागदावर सर्वांत वर लिहा. पुढचा सगळा हिशेब त्याच्याशी ताडून पाहायचा आहे.

समोरची बाजू किती भरते, त्याचा अंदाज ब्रेदरन चर्चच्या उन्हाळी सेवा कार्यक्रमावरून येतो. शांतता पथकाचं प्रशिक्षण याच कार्यक्रमातल्या मुलांबरोबर होतं. त्यांच्या गेल्या काही वर्षांच्या पत्रकांत शिक्षणासाठी २,५०० डॉलरचं अनुदान, महिन्याला १०० डॉलर हातखर्च आणि राहणं-जेवण अशा अटी होत्या. दहा आठवड्यांचे मिळून सुमारे २,७५० डॉलर. १५ डॉलर तासाच्या नोकरीशी तुलना केली, तर सव्वातीन हजारांची तूट राहते. ती लहान नाही, पण तिच्यातून दोन गोष्टी वजा करायच्या राहतात. एक, दहा आठवड्यांचं जेवण, जे एरवी घरी किंवा स्वतःच्या खर्चाने झालं असतं. दुसरी, नोकरीला जाण्या-येण्याचा खर्च. त्या वजा केल्यावर तूट बहुतेक घरांत अडीच हजारांच्या आसपास येते. डिसायपल्सच्या इंटर्नचं मानधन त्या-त्या वर्षीच्या पत्रकात बघा आणि हाच हिशेब पुन्हा करा. एक लक्षात ठेवा : वर्षातून सात महिन्यांपेक्षा जास्त न चालणाऱ्या हंगामी शिबिरांना केंद्रीय किमान वेतन कायद्यातून सूट आहे. ‘इतके तास राबूनही किमान वेतन नाही?’ हा वाद तिथे टिकत नाही.

आणि तास खरोखरच बरेच असतात. रविवारी दुपारी मुलं उतरतात, शुक्रवारी किंवा शनिवारी जातात. सकाळची उपासना, मग गटचर्चा, दुपारी पोहणं किंवा हस्तकला, संध्याकाळी शेकोटी. इंटर्न यातल्या एक-दोन सत्रांचा प्रमुख असतो, उरलेल्या वेळी इतरांसारखा मुलांना सांभाळणारा काउन्सेलर असतो आणि रात्री बहुधा मुलांच्याच केबिनमध्ये झोपतो. नेहमी घेतला जाणारा एक खेळ सांगते, म्हणजे कामाचा पोत कळेल. जेवायला आलेल्या मुलांना चिठ्ठ्या काढायला लावतात. थोड्यांच्या वाट्याला भरलेलं ताट येतं, काहींना वरण-भातासारखं साधं जेवण, आणि बहुतेकांना जमिनीवर बसून नुसता भात. जगातलं अन्न कसं वाटलं गेलंय, ते पोटातून कळतं. पण त्यानंतरचा तास कठीण असतो. कोणी रडतं, कोणी ताटवाल्यांवर चिडतं, एखादं मूल हळूच सांगतं की घरी आमचं असंच असतं. तेव्हा बाकीची मुलं एकोणीस वर्षांच्या इंटर्नकडे बघत असतात. हे काम त्याच्या मोलाने बघायचं असेल, तर हा तासही हिशेबात धरा. पुढे शिक्षक, समुपदेशक, वकील किंवा पाळक होणाऱ्या मुलाला असा सराव कुठल्याही गोदामात मिळणार नाही.

किरकोळ वाटणारे पण खिसा रिकामा करणारे खर्च वेगळेच असतात. त्यात सगळ्यांत मोठं भाडं. कॉलेजबाहेर खोली घेतलेल्या विद्यार्थ्याचा करार पुष्कळदा बारा महिन्यांचा असतो. तो शिबिरात झोपला, तरी रिकाम्या खोलीचं भाडं चालूच राहतं. खोली उन्हाळ्यापुरती दुसऱ्याला देता येते का, हे करारात पाहून मार्चमध्येच माणूस शोधायला लागा. मे महिन्यात सगळेच भाडेकरू शोधत असतात आणि भाव पडतो. फोनचं बिल आणि गाडीचा विमाही थांबत नाही.

गाडीचा विषय निघालाच आहे, तर तो नीट समजून घ्या. स्वतःच्या गाडीने जायला सांगितलं, तर भरपाई मैलामागे मिळणार की फक्त पेट्रोलच्या पावतीवर, हे लेखी घ्या. चारशे मैलांचा टप्पा, गॅलनला पंचवीस मैल जाणारी गाडी आणि सव्वातीन डॉलर भाव धरला, तर पेट्रोल बावन्न डॉलरचं होतं. पण टायर, तेल, झीज त्यात येत नाही. व्यवसायासाठी केलेल्या प्रवासाला आयकर खात्याचा दर २०२५ साठी मैलाला ७० सेंट होता, तर सेवाभावी कामासाठी स्वतःची गाडी वापरणाऱ्याला वजावटीचा दर कायद्यानेच १४ सेंटवर बांधला आहे. एवढ्या फरकावर मुकाट्याने गाडी घालू नका. भाड्याच्या गाडीचा विचार तर सोडूनच द्या. पंचवीस वर्षांखालच्या चालकाला कंपन्या रोजचा जादा आकार लावतात.

करही विसरू नका. मानधनाला ‘भेट’ म्हटलं, तरी कामाच्या बदल्यात मिळालेला पैसा उत्पन्नच असतो. शिक्षण-अनुदानही सेवेच्या मोबदल्यात असेल, तर ते साध्या शिष्यवृत्तीसारखं करमुक्त धरता येत नाही. संस्थेने इंटर्नला पगारी नोकर मानलं, तर सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचा ७.६५ टक्के हिस्सा त्याच्याकडून कापला जातो. स्वतंत्र कामगार मानलं आणि निव्वळ उत्पन्न ४०० डॉलर किंवा जास्त असलं, तर त्यावर सुमारे १५.३ टक्के त्याला स्वतःला भरावे लागतात. २,५०० डॉलरवर हा फरक दीडशे ते दोनशे डॉलरचा होतो. कोणता फॉर्म देणार, एवढं आधीच विचारलं की पुढच्या एप्रिलमध्ये कर भरताना दचकायची वेळ येत नाही.

कॉलेजची आर्थिक मदत घेणाऱ्यांनी आणखी एक पाहायचं. बरीच खासगी कॉलेजं मदत ठरवताना विद्यार्थी उन्हाळ्यात इतके पैसे कमावून आणील असं गृहीत धरतात. सेवाकार्यामुळे ते शक्य नसेल, तर काही कॉलेजं ही अपेक्षा माफ करतात किंवा वेगळं अनुदान देतात. मदत कार्यालयात मूल फॉर्म घेऊन गेलं नाही, तर ते आपणहून कुणी सांगत नाही. चर्चशी जोडलेल्या कॉलेजात शिकत असाल, तर कॉलेजच्या पाळकाला, म्हणजे चॅपलिनलाही भेटा. ब्रेदरन परंपरेतल्या इंडियानातल्या मँचेस्टर कॉलेजने पदवीपातळीवर शांतता-अभ्यासाचा पहिला अभ्यासक्रम १९४८ मध्ये सुरू केला. अशा ठिकाणी या कामाचे श्रेयांक मिळू शकतात. फक्त त्या श्रेयांकांची फी लागते का, ते विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी लागते, आणि मग सगळा हिशेबच पालटतो.

तब्येतीचं थोडक्यात. अमेरिकेत सव्वीस वर्षांपर्यंत मूल आईवडिलांच्या आरोग्य विम्यात राहू शकतं. पण विमा एखाद्या राज्यातल्या ठरावीक डॉक्टरांपुरता बांधलेला असेल, तर दुसऱ्या राज्यात फक्त तातडीचाच खर्च मिळतो. इंटर्न तर राज्याराज्यांतून फिरणार. विमा कंपनीला फोन करून सगळ्या राज्यांची नावं सांगा. धनुर्वाताच्या लशीला दहा वर्षं झाली असतील, तर निघण्याआधी घ्या. गवतातल्या गोचिडींमुळे लाइम आजार होतो, म्हणून लांब मोजे आणि कीटकरोधक मलम न्या. स्लीपिंग बॅग, डोक्याला बांधायची बॅटरी, रेनकोट, बंद बूट असं सामान नवं घेतलं, तर माझ्या अंदाजाने दीडशे ते दोनशे डॉलर लागतात. मंडळीत विचारलं, तर निम्मं सामान कुणाच्या तरी तळघरातून निघतं.

आता ज्यांच्याकडे अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नाही, त्यांच्यासाठी. हा भाग सावकाश वाचा, कारण इथली चूक पैशांवर भागत नाही.

एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कॉलेजबाहेर मोबदल्याचं काम परवानगीशिवाय करता येत नाही. मानधन, हातखर्च, शिक्षण-अनुदान ही कामाचा मोबदला ठरू शकतात, आणि काही वेळा राहणं-जेवणही. ‘मी तर स्वयंसेवक आहे’ हे उत्तर पुरत नाही. वाट आहे ती अभ्यासक्रमाशी जोडलेल्या प्रशिक्षणाची, म्हणजे सीपीटीची. ती साधारण एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर, काम तुमच्या विषयाशी निगडित असेल तरच मिळते. समाजकार्य, धर्मशास्त्र किंवा शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती जमू शकते, संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अवघड. ओपीटीचा, म्हणजे ऐच्छिक प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा मार्गही आहे. त्याच्या अर्जाची फी ऑनलाइन ४७० डॉलर, कागदी अर्जाला ५२० डॉलर. पण त्याचे महिने मोजके असतात आणि ते इथे खर्च केले, तर पुढच्या नोकरीला कमी पडतात. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी होकार मिळेपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका. पाळकांचा सल्ला इथे चालत नाही, ते कितीही जवळचे असोत.

महाराष्ट्रातून थेट जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी जे-१ या आदान-प्रदान व्हिसात ‘कॅम्प काउन्सेलर’ हा वेगळा वर्ग आहे. वय किमान १८, इंग्रजी चांगलं हवं, आणि मुक्काम जास्तीत जास्त चार महिने. व्हिसाधारकांच्या नोंदणीचं ‘सेव्हिस’ शुल्क या वर्गाला ३५ डॉलर आणि व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर, मिळून २२०. त्याशिवाय जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात २५० डॉलरच्या आणखी एका व्हिसा शुल्काची तरतूद आहे. तुम्ही अर्ज कराल, तेव्हा ते वसूल होतंय का, हे वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहा. प्रायोजक संस्थेची फी आणि विमा वेगळा, आणि मुंबईहून उन्हाळी हंगामातलं जाण्या-येण्याचं तिकीट लाख रुपयांच्या आसपास किंवा वर जातं. मोठी अडचण पैशांची नाही, कामाच्या स्वरूपाची आहे. जे-१ काउन्सेलरची नेमणूक प्रायोजक संस्था ठरावीक शिबिरात करते, तर पीस इंटर्न दर आठवड्याला जागा बदलतो. म्हणून प्रायोजकाला कामाचं स्वरूप स्पष्ट सांगून विचारा. एकाच शिबिरात पूर्ण उन्हाळा काउन्सेलर म्हणून जाणं जास्त सोपं आहे, आणि तिथेही शांततेची सत्रं घेता येतात. मान्यताप्राप्त धार्मिक संस्थेच्या स्वयंसेवी कार्यक्रमात, खर्चाच्या भरपाईशिवाय काहीही न घेता जाणाऱ्यांना बी-१ या अल्पकालीन भेटीच्या व्हिसाची तरतूद आहे. पण त्यात मानधनाला जागा नाही आणि मुलाखतीची तारीख मिळायला बराच काळ लागू शकतो. मला विचाराल तर, या सगळ्यासाठी कर्ज काढून भारतातून जाऊ नये. मे महिन्यात आपल्याकडेही मंडळ्यांमध्ये सुट्टीतल्या बायबल शाळा भरतात, आणि भुकेच्या चिठ्ठ्यांचा खेळ पालघरला किंवा जालन्यालाही तेवढाच लागू पडतो.

होकार देण्याआधी संस्थेला एक ईमेल पाठवा आणि उत्तर लेखीच मागा. मानधन किती आणि कधी : सुरुवातीला, दरमहा की शेवटी? शेवटी असेल, तर जून-जुलै कशावर काढायचा? प्रशिक्षणाच्या जागेपर्यंतचं तिकीट कोण काढणार आणि घरी परतण्याचं कोण? दोन शिबिरांच्या मधल्या शनिवार-रविवारी झोपायचं कुठे, जेवायचं कुठे? हा प्रश्न सगळ्यांत जास्त विसरला जातो. मधली रात्र बहुधा एखाद्या स्थानिक कुटुंबाकडे निघते, पण ते आधी ठरलेलं हवं. आजारी पडून मध्येच परतावं लागलं तर तिकीट कोणाचं, आणि मानधन दिवसांच्या हिशेबाने मिळणार की जाणारच? रात्री मुलांबरोबर एकट्याने राहावं लागणार नाही ना? नीट चालवलेल्या शिबिरांत दोन प्रौढांशिवाय मुलांना ठेवत नाहीत, आणि हा नियम मुलांइतकाच इंटर्नचंही रक्षण करतो. चांगली संस्था या प्रश्नांनी नाराज होत नाही. उत्तरं आधीच तयार असतात.

आता शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. वरचा हिशेब करून झाल्यावर ज्या घराला अडीच-तीन हजारांची तूट सोसत नाही, ते घर मुलाला पाठवत नाही. परिणामी शांततेबद्दल बोलायला सुस्थितीतल्या घरांचीच मुलं पोचतात, आणि चिठ्ठीत नुसता भात आलेल्या मुलाशी बोलायला त्याच्यासारख्या घरातून आलेलं कोणी नसतं. यावर उपाय मंडळीच्या हातात आहे. सव्वातीन हजार डॉलर शंभर घरांत वाटले, तर घरटी साडेबत्तीस डॉलर येतात. पैसे मुलाच्या हाती देण्याऐवजी मंडळीच्या खात्यातून थेट कॉलेजच्या फीसाठी द्या, म्हणजे हिशेब स्वच्छ राहतो. आणि आपलं नाव पुढे करायला लाजणाऱ्या मुलामुलींना पाळकांनी स्वतः जाऊन विचारावं. इंटर्नशिपचे अर्ज हिवाळ्यातच भरले जातात. तेव्हा या मदतीचा ठराव नोव्हेंबरच्या सभेतच मांडा.